पाडव्याचं आडवं वारं

परवा परतूरकडच्या एका मोसंबीच्या बागेत फवारणीला गेलो होतो. ऊन नुकतं चढत होतं. टाकीत औषध भरलं, ड्रोन बांधावर ठेवला, पंखे फिरवले आणि हातातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, वारा जास्त आहे. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. बागवाले काका शेजारी उभे होते. एवढ्याशा वाऱ्याला काय भ्यायचं, तुम्ही पायलट ना, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, काका, माझ्या हातात काही नाही, यंत्रच नको म्हणतंय. ते नाराज होऊन चहा सांगायला गेले. मी बांधावर बसून त्या यंत्राकडे बघत राहिलो आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटला. त्याला नाही म्हणता येतं. त्याला समोर कोण बसलंय हे कळत नाही, कुणाची मान खाली जाईल हे कळत नाही. वारा जास्त असला की ते उडत नाही, बस्स.

फाल्गुन सरत आला की आमच्याकडचं वारं बदलतं. पहाटे ते नसतंच. ऊन तापलं की पश्चिमेकडून निघतं आणि दुपारपर्यंत त्याला अंगात आल्यासारखं होतं. रस्त्यावर वावटळी उठतात, त्यांत पाचोळा, भुसा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एखादी पळसाची पाकळी गरगरत जाते. दातांखाली धूळ येते. लोकांना ह्या दिवसांत कैऱ्या आठवतात, परीक्षा आठवतात. मला माझे पाय आठवतात. खुर्चीत बसल्या बसल्या दारं आपटली की माझा उजवा पाय आपोआप पुढं दाबला जातो. बायको म्हणते, कुठला ब्रेक मारता हो? तो ब्रेक नव्हे. पण ते तिला समजावून सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी नुसता हसतो.

वाटूर फाट्याच्या अलीकडे तेव्हा एक मोठा माळ होता. मी विशीत होतो. एका संस्थेनं त्या माळावर मुरमाची धावपट्टी केली होती, पत्र्याचं शेड उभारलं होतं आणि कुठून तरी दोन माणसांचं एक जुनं विमान आणलं होतं. आमच्या भागातली पोरं वैमानिक होणार, असं तिथल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. संस्थेचं नाव आता सांगून उपयोग नाही. ती उरली नाही, तिच्या जागी प्लॉटांचे पांढरे दगड रोवलेत आणि त्यांवर गाढवं पाठ घासतात.

ते विमान कसं होतं ते सांगायला हवं. पोटाखाली पुढं दोन चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं चाक, लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला असतं तेवढं. जमिनीवर ते नाक वर करून बसायचं, त्यामुळं समोरचं काहीच दिसायचं नाही, दोन्ही कडांच्या गवतावरून अंदाज घ्यायचा. हवेत मात्र अगदी गुणी. त्याची सगळी खोड जमिनीवर. वजन मागं आणि चाकं पुढं, त्यामुळं उतरल्यावर शेपटी जराशी बाजूला गेली की तिला नाकाच्या पुढं जायची घाई व्हायची. ट्रॅक्टरला लावलेली ट्रॉली मागं घेताना जे होतं तेच. एकदा वाकडी झाली की वाकडीच होत जाते. ती सरळ ठेवायची पायांनी. पायाखाली दोन पट्ट्या, डावी दाबली की नाक डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, "चाकं टेकली म्हणजे विमान उतरलं असं समजू नका. शेडमध्ये नेऊन दोरीनं बांधलं, की मग उतरलं. तोवर पाय जागे ठेवा." वाक्य फार चांगलं होतं. मला ते अजून तोंडपाठ आहे. पण पाय काही वाक्यांनी जागे होत नाहीत.

आमचं उडणं पहाटेचं. माझ्या गावाहून, आष्टीहून, मी मोटारसायकलवर अंधारातच निघायचो. माळावर पोचलो की पेट्रोलचा वास, टिटव्यांची ओरड आणि लांब फाट्यावर वळणाऱ्या ट्रकांचे दिवे. हवा इतकी निवांत असायची की विमान आपोआपच उतरतंय असं वाटायचं. पट्टीवर मऊ टेकायचं, सरळ पळायचं, थांबायचं. आम्ही खूश, सर खूश. ऊन चढून वारा जरा हलला की सर हात वर करायचे आणि विमान शेडमध्ये. विमान एकच, ते मोडलं तर सगळंच बंद, तेव्हा वाऱ्यात शिकाऊ पोराला उतरू द्यायचं नाही, असं संस्थेच्या सेक्रेटरींनी आणि सरांनी मिळून ठरवलेलं. विमान जपायचं होतं, ते त्यांनी जपलं. गुडघाभर पाण्यात पोहायला शिकवावं आणि पोरगं पट्टीचं पोहतंय म्हणून गावभर सांगावं, तसलं ते शिक्षण. आम्हाला त्यात काही चूक दिसली नाही. कशी दिसणार? ज्यांना दिसायला हवी होती तेच शिकवत होते.

माझ्याबरोबर जालन्याचा अझहर होता. त्याचे वडील भाजीमंडईत अडतीवर. घरात उर्दू, माळावर आमच्यासारखी मराठी, आणि विमानात बसला की एकदम गप्प. माझ्यापेक्षा चांगला उडवायचा, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. मला गावानं शिकायला लागल्या दिवसापासून 'पायलट' म्हणायला सुरुवात केली होती. सलूनवाला, पानवाला, बसचा कंडक्टर, सगळ्यांचा मी पायलट. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांचं आष्टीच्या बाजारात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पातेलं ठोकून बघत असायचं आणि दादा त्याला विमान वर कसं राहतं ते सांगत असायचे. चुकीचं सांगायचे, पण फार प्रेमानं.

शिकाऊ पोराचं पहिलं एकट्याचं उड्डाण पाडव्याला, हा संस्थेचा रिवाज. विमानापुढं नारळ, पोराच्या गळ्यात साखरेची गाठी, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार, आणि मग पोरानं एकट्यानं एक चक्कर मारून उतरायचं. पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला, अख्खा दिवस शुभ. ह्याच गोष्टीनं माझा घात केला असं मला वाटतं. एखाद्या साध्या दिवशी कुणी तरी पंचांग काढलं असतं, वेळ धरली असती. पाडव्याला सगळाच मुहूर्त, तेव्हा घड्याळाकडे बघायचं कारणच उरलं नाही.

त्या सकाळी आईनं लिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला आणि तिचं बोट माझ्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळलं. दादांनी गुढीसाठी दुकानातला तांब्याचा नवा कोरा तांब्या काढून ठेवला होता, घरच्या नव्हे, माळावरच्या गुढीसाठी. माळावर सगळ्यांत उंच काठी होती वाऱ्याच्या पिशवीची. केशरी कापडाची ती लांब पिशवी वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे ते दाखवायची. पहाटे आम्ही उडायचो तेव्हा ती कायम लोंबकळलेली, त्यामुळं तिच्याकडे बघायची आम्हाला सवयच नव्हती. सेक्रेटरींनी त्या सकाळी ती उतरवली आणि त्याच काठीवर गुढी उभी केली. हिरवा जरीचा खण, लिंबाचे डहाळे, साखरेची गाठी आणि वर दादांचा तांब्या. एवढी उंच गुढी तालुक्यात नसेल, असं जो तो म्हणत होता. खरंच नसेल.

पाहुणे सकाळी लवकर येणार होते. पाहुणे कोण, ते सांगण्यात अर्थ नाही, असे पाहुणे सगळीकडे सारखेच असतात. आष्टीहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. दादा गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत. माईकवरचा माणूस पाहुणे थोड्याच वेळात पोहोचत आहेत असं सांगत राहिला. ऊन वर आलं. पाणी वाटून झालं, पेढे वाटून झाले. लहान पोरं विमानाच्या पंखाखाली सावलीला बसली. आणि पश्चिमेकडून वारा निघाला.

पट्टी दक्षिणोत्तर आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे सरळ कुशीवर येणारा. शेजारच्या रानात एक जोडपं हरभऱ्याची रास उपणायला घेऊन सकाळपासून वाऱ्याचीच वाट बघत बसलं होतं. ते उठलं. म्हातारा तिवईवर चढला, बाईनं पाटी भरून दिली, आणि भुसा उडून थेट आमच्या मांडवात, पाहुण्यांसाठी मांडलेल्या पांढऱ्या खुर्च्यांवर यायला लागला. दोघं-तिघं जाऊन त्यांना ओरडून आले. मग खुर्च्या दुसऱ्या बाजूला हलवल्या. गुढीचा खण आडवा ताणला गेला होता, तांब्या काठीवर खडखड वाजत होता. बाया हात जोडत होत्या. माझ्या मागं कुणी तरी म्हणालं, गुढी कशी फडफडू राह्यली बघा, साक्षात.

अझहर माझ्या जवळ आला. त्याचं उड्डाण माझ्यानंतर होतं. हळूच म्हणाला, "हवा आडवी हाय. आपुन असल्यात कधी उतरलो न्हाई. सरला बोल, उद्या पहाटं उडतो म्हणावं."

"दादा बसल्यात समोर. गाव आलंय. कसं बोलू?"

"मंग मी बोलतो," म्हणून तो गेला. मी लांबून बघत होतो. सर त्याचं ऐकत होते, त्यांनी एकदा गुढीकडे बघितलं, एकदा फाट्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या धुळीकडे बघितलं. पाहुणे आले होते. अझहर परत आला आणि म्हणाला, सर म्हणतात एकच चक्कर हाय.

सत्कार झाला. गाठी गळ्यात पडली, नारळ फुटला. पाहुण्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या खांद्यावरून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलले.

वर गेल्यावरचं मात्र मी कुणाला देणार नाही. सर शेजारी नव्हते, त्यामुळं विमान हलकं होऊन नेहमीपेक्षा लवकर उठलं. रिकामी खुर्ची बघून मला मोठ्यानं हसू आलं. खाली कालव्याची रेघ, वाटूरची घरं, घराघरांवर चमकणारे गुढ्यांचे तांबे. इतक्या उंचावरून त्या वेळी आमच्या भागातल्या सगळ्या गुढ्या बघणारा मी एकटाच असेन. ते सुख कडू होऊ नये म्हणून मी फार जपलं, पण शेवटी तेही झालंच.

उतरायला वळलो तेव्हा नाक पट्टीकडे आणि विमान मात्र उजवीकडे सरकत होतं. मी कसंबसं ते पट्टीवर आणलं आणि टेकवलं. चाकांखाली मुरूम करकरला. त्याबरोबर हलगी सुरू झाली, शिट्ट्या, टाळ्या. लोकांच्या लेखी मी उतरलो होतो. वेग कमी झाला, शेपटी खाली बसली, समोरचं दिसेनासं झालं, आणि वाऱ्यानं शेपटीच्या उभ्या पंखाला धरलं. नाक डावीकडे वळायला लागलं. उजवा पाय दाबायचा होता. दाबला, पण उशिरा. मग घाबरून पुरता दाबला तर विमान उजवीकडे झेपावलं, मग आणखी जोरात डावीकडे, आणि पुढच्या वेळी शेपटीनं मला विचारलंच नाही. माळ, शेड, मांडव, माणसं सगळं काचेवरून गरगर फिरत गेलं. उजवं चाक पोटाखाली मोडलं, उजवा पंख मुरमात घासला, नाकावरच्या पंख्यानं जमीन खणली आणि सगळं थांबलं. हलगी त्यानंतरही थोडा वेळ वाजत होती.

गाठी तुटून साखरेचे तुकडे माझ्या मांडीवर सांडले होते. पेट्रोलचा वास येत होता. सेक्रेटरी धावत आले ते आधी पंखाकडे गेले. पाहुण्यांनी लांबूनच विमानाचं किती नुकसान झालं असं विचारलं. दादा आले तेव्हा त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. त्यांनी मला बाहेर ओढलं आणि माझी बोटं एकेक करून दाबून बघितली, तान्ह्या मुलाची बघतात तशी. कपाळाला एक खोक पडली होती, बाकी काही नाही. पाहुण्यांनी भाषण केलंच. तरुणांनी अपयशानं खचून जाऊ नये, असं त्यांनी सांगितलं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढं चौकशी झाली. माणसं आली, मापं घेऊन गेली. निष्कर्ष निघाला, शिकाऊ वैमानिकाचा अननुभव. त्यात काही खोटं नाही. मी अननुभवी होतोच, म्हणून तर शिकत होतो. पण मला त्या शब्दाचा आजतागायत राग येतो. अननुभवाला जबाबदार कोण, तर ज्याला अनुभव नाही तो. ज्यांना तो भरपूर होता ते मांडवात खुर्च्या हलवत होते. ह्या शेपटीवर बसणाऱ्या लहान विमानांच्या अपघातांबद्दल नंतर मी सापडेल तिथं वाचत गेलो. देश वेगळे, माळ वेगळे, गोष्ट एकच. नवखा माणूस, आडवं वारं, चाकं टेकलेली, पाय झोपलेले. बहुतेक वेळा माणूस धडधाकट बाहेर येतो. त्यामुळं कुणाला फार विचार करावा लागत नाही.

विमान पुढं दुरुस्त झालं. मला मात्र थोडं थांब, थोडं थांब असं सांगत राहिले. गावात मी पायलटच राहिलो, फक्त म्हणताना लोकांचे ओठ आता जरा वाकडे व्हायचे. मी पुण्याला एका कंपनीत लागलो आणि कित्येक वर्षं सणाला सुद्धा आलो नाही. घरात त्या माळाचं नाव कुणी काढायचं नाही. अझहरचं उड्डाण त्या दिवशी रद्द झालं ते झालंच, त्याच्या वडिलांनी त्याला परत पाठवलं नाही. तो आता जालन्याच्या एका स्टील कारखान्यात क्रेन चालवतो. भेटला की म्हणतो, मी तरी अजून वरच हाय, तू बघ कुठं हाईस. आम्ही दोघंही हसतो.

दादांनी त्या दिवसाबद्दल एकदाच तोंड उघडलं. मी गावाकडे परत आल्यावर, ड्रोनचं शिक्षण घेतलं त्या सुमाराला. ते अंथरुणावर होते, दुकान भावाकडे गेलं होतं. दुपारची वेळ, बाहेर असाच वारा, पत्रे वाजत होते. मला जवळ बसवून म्हणाले, "म्या बोलीवलं ना समद्यायला. नसतं बोलीवलं तर तू पहाटंच उडून मोकळा झाला असतास. चूक माझी हाय."

मी त्यांना किती वेळा सांगितलं की असं नाही. पण वारा, शेपटी, पट्टी हे सगळं त्यांना नव्यानं समजावण्याइतका वेळ उरला नव्हता, आणि त्यांनी ऐकलंही नसतं. मला आजही जळजळ होते ती ह्याची. अख्ख्या मांडवात चूक कबूल करणारा एकच माणूस निघाला, आणि त्याची बिलकुल चूक नव्हती. ते त्याच समजुतीत गेले.

म्हणून सर भेटले तर त्यांना एक गोष्ट विचारायची असं मी कधीचं ठरवलं होतं. अझहर येऊन बोलला होता, तुम्ही गुढीकडे बघितलं होतं, मग थांबवलं का नाही? उत्तर देऊन काही बदलणार नव्हतं. पण दादांच्या फोटोसमोर उभं राहून मला म्हणायचं होतं, बघा, त्यांनी कबूल केलं, आता तुम्ही सुटलात.

ह्या माघात जालन्याला एका लग्नात ते भेटले. पुष्कळ थकलेले, पण आवाज तोच. जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, मी जाऊन बसलो, नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना. मी आष्टीचा म्हणालो. ते जिलेबी मोडत माझ्याकडे बघत राहिले. मग मी म्हणालो, सर, वाटूरच्या माळावर उतरताना माझं विमान फिरलं होतं.

"अरे, फिरलं तर बऱ्याच जणांचं," ते म्हणाले. "तू त्यातला कुठला?"

"पाडव्याचा."

त्यांनी जरा आठवून बघितलं. "पाडव्याचे दोघं झाले. तू पहिला का दुसरा?"

दुसरा झाला हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, दुसरा कधी? तुझ्या पुढच्याच वर्षी, ते म्हणाले. तेव्हा मी पुण्याला होतो, मला कुणी कळू दिलं नव्हतं. तसाच सत्कार, तसेच पाहुणे, वारा तर त्याहून जास्त. माझा प्रश्न तोंडातच राहिला. तो विचारण्यासारखा उरलाच नव्हता. मी म्हणालो, मी पहिला.

"हां, मग ठीक," सर म्हणाले आणि वाटी पुढं करत त्यांनी वाढप्याला वरण मागितलं. "तुला काही झालं नव्हतं. दुसरा वाचला नाही."